हंगामाआधी स्वतःला मोजून घ्या

हंगाम तोंडावर आला की पेठेतली पोरं थेट बूट चढवून मैदानात उतरतात. माझं सांगणं एकच, आधी तंदुरुस्तीची चाचणी देऊन स्वतःला मोजून घ्या. आज कुठं आहोत हे वहीत उतरलं नाही, तर दोन महिने घाम गाळून काय कमावलं ते कळायचं कसं?

पहिल्यांदा डॉक्टर. पळताना कधी छातीत दुखलं असेल, चक्कर येऊन पडला असाल, किंवा घरात कुणी ऐन तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ईसीजी काढून डॉक्टर हो म्हणेपर्यंत चाचणीला उभं राहायचं नाही. यात मी पोराच्या वडिलांचंही ऐकत नाही.

आधीचे आठ दिवस सकाळी अंथरुणातच मनगटावर दोन बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजा आणि लिहून ठेवा. रोज ६० असणारी नाडी ७० वर गेली, तर झोप अपुरी आहे, अंगात कणकण आहे किंवा सरावाचा थकवा उतरलेला नाही. अशा वेळी चाचणी पुढं ढकला. आदल्या दिवशी जोर-बैठका आणि मॅच बंद. रात्री तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारू नका, आमटी-भात खाऊन वेळेत झोपा.

बरोबर मोजपट्टी, शिट्टी, स्टॉपवॉच, रेषा मारायला चुना आणि वही. बूट वापरातलेच, नवे नकोत.

क्रम चुकवू नका. आधी उंची-वजन, मग दहा मिनिटं अंग गरम करून उभ्यानं लांब उडी, ३० मीटर स्प्रिंट, त्यानंतर जोर, आणि दमसास सगळ्यात शेवटी. उडीचं माप रेषेपासून मागं पडलेल्या टाचेपर्यंत धरायचं. पोरं बोटापर्यंत धरायला लावतात, त्यात वीतभर फरक पडतो.

दमसासाला अमेरिकन डॉक्टर केनेथ कूपर यांची १९६८ सालची १२ मिनिटांची धाव सोपी, तेवढ्या वेळात किती अंतर कापलं ते मोजायचं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर ६ फेऱ्या झाल्या तर २४०० मीटर. त्यातून ५०४.९ वजा करून ४४.७३ नं भागलं की व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा आकडा, अंदाजे ४२ येतो. फुटबॉलवाल्यांनी मात्र २० मीटरची शटल धाव, म्हणजे दोन रेषांमध्ये पुन्हा पुन्हा जा-ये करायची धाव घ्यावी, कारण थांबणं, वळणं, पुन्हा सुटणं हाच त्यांचा खेळ. मॅटवरच्या पैलवानाला ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्या काढायच्या असतात, त्याचा दम त्याच हिशेबानं तपासावा.

एका वर्षी आम्ही पहिली चाचणी पावसानं भिजलेल्या मैदानावर घेतली आणि दुसरी कोरड्यावर. सगळ्यांची स्प्रिंट सुधारलेली बघून आम्ही खूश. हंगामात मॅचच्या उत्तरार्धाला पोरं धापा टाकायला लागली तेव्हा कळलं, सुधारलं होतं ते मैदान. तेव्हापासून प्रत्येक आकड्याशेजारी मैदान कसं होतं, वेळ कुठली, पायात काय होतं हे लिहितो. आठ आठवड्यांनी दुसरी चाचणी घ्याल, ती त्याच मैदानावर, त्याच वेळेला, तेच बूट घालून.