लिनक्समध्ये रिअल-टाइम कामांना प्रोसेसरच्या वेळेची मर्यादा कशी घालावी

रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या वेळेतच व्हायला हव्या अशा, कामांना प्रोसेसर वाटून देण्याच्या फिफो धोरणाखाली चालणारे काम स्वतःहून थांबेपर्यंत किंवा त्याहून वरच्या प्राधान्याचे काम येईपर्यंत कोअर (प्रोसेसरचा एक स्वतंत्र भाग) सोडत नाही, त्यामुळे त्यातला एखादा लूप अखंड फिरू लागला तर त्या कोअरवरची साधी कामे उपाशी राहतात. म्हणून 6.12 आवृत्तीपूर्वीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) मुळातच दर 10,00,000 मायक्रोसेकंदांपैकी 9,50,000 मायक्रोसेकंदच रिअल-टाइम कामांना देत असे. अशा कर्नलच्या लॉगमध्ये ‘आरटी थ्रॉटलिंग ॲक्टिव्हेटेड’ हा मर्यादा लागू झाल्याचा संदेश दिसताच ‘शेड_आरटी_रनटाइम_यूएस’ या कर्नलच्या सेटिंगची किंमत उणे 1 करून ही मर्यादाच काढून टाकणे म्हणजे फ्यूज उडतो म्हणून तिथे जाड तार बसवणे होय. मर्यादा ज्या-त्या कामालाच घालावी.

त्यासाठी प्रथम पूर्ण भाराखाली, एका फेरीला लागणारा जास्तीत जास्त वेळ मोजावा; सरासरी येथे निरुपयोगी आहे. समजा, 48,000 हर्ट्झचा ध्वनी 480 नमुन्यांच्या बफरने हाताळायचा आहे. म्हणजे फेरी दर 10 मिलिसेकंदांनी येते. मोजणीत कमाल वेळ 1.6 मिलिसेकंद आला, तर 2 मिलिसेकंद द्यावेत.

काम असे नियमित असेल तर 3.14 आवृत्तीपासून कर्नलमध्ये असलेले डेडलाइन धोरण उत्तम. कामाचे धोरण ठरवणाऱ्या ‘सीएचआरटी’ आज्ञेत रनटाइम (एका फेरीला मिळणारा वेळ) 20,00,000 आणि डेडलाइन (फेरी संपवण्याची मुदत) व पीरियड (दोन फेऱ्यांमधले अंतर) प्रत्येकी 1,00,00,000 द्यावा. हे आकडे नॅनोसेकंदांत असतात, हे विसरल्यास हिशेब हजारपटीने चुकतो. ठरलेला वेळ संपला की कर्नल त्या कामाला पुढच्या फेरीपर्यंत रोखतो, मारत नाही. आणि एकूण मागणी क्षमतेबाहेर गेली तर नवे काम सुरुवातीलाच नाकारतो, हा या धोरणाचा मला सर्वात मोलाचा वाटणारा गुण.

अनियमित कामासाठी फिफोच ठेवून सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘लिमिटआरटीटाइम’ (न थांबता वापरता येणारा प्रोसेसरचा वेळ) 150 मिलिसेकंद सौम्य आणि 200 मिलिसेकंद कठोर असा द्यावा. सौम्य मर्यादा ओलांडताच कामाला ‘सिगएक्ससीपीयू’ हा इशारा मिळतो, तर कठोर मर्यादेला ते मारले जाते. ब्लॉक होणारा सिस्टम कॉल (कामाला वाट पाहत थांबवणारी कर्नलकडची मागणी) झाला की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, मात्र कोअर इतर कामांना देऊ करणाऱ्या ‘शेड_यील्ड’ने ती शून्य होत नाही. अखेरीस चाचणीच्या मशीनवर मुद्दाम अखंड फिरणारा लूप चालवून इशारा खरोखर येतो का, हे पाहावे.