छाया गोळी घेताय? मग वार नीट धरा

छाया या गर्भनिरोधक गोळीबद्दल गावात जे सल्ले फिरतात, त्यातले निम्मे माला-एन या दुसऱ्याच गर्भनिरोधक गोळीचे असतात. माला-एन रोजची, हार्मोनची. छाया आठवड्याची, आणि तिच्यात हार्मोन नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत हे औषध तयार झालं. १९९१ पासून ते 'सहेली' नावाने दुकानात मिळतं आणि आता सरकारी दवाखान्यात तेच 'छाया' म्हणून फुकट मिळतं. तेव्हा "माझी जाऊ अशी घ्यायची" हे ऐकण्याआधी जाऊ नेमकी कोणती गोळी घ्यायची ते विचारा.

सुरू करण्याआधी उपकेंद्रात सिस्टरना एकदा भेटा. पीसीओएस (अंडाशयात बारीक गाठी होऊन पाळी बिघडते तो आजार), टीबी, किडनीचा किंवा लिव्हरचा आजार, नुकतीच झालेली कावीळ, यातलं काही असेल तर स्पष्ट सांगा. मग ही गोळी देत नाहीत. बाळ अंगावर पीत असेल तरी चालते.

पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, पाण्याबरोबर. पाळीत औषध घेऊ नये म्हणणारीकडे दुर्लक्ष करा.

आता खरी मेख. मलाही हे बायकांच्या गळी उतरवायला बराच काळ गेला. पहिली गोळी ज्या वारी घेतली, तो तुमचा वार. समजा बुधवार. मग तीन दिवसांनी, म्हणजे शनिवारी, दुसरी. पहिले ३ महिने दर बुधवारी आणि दर शनिवारी एकेक गोळी. चौथ्या महिन्यापासून शनिवार सोडायचा आणि फक्त बुधवार धरायचा. सोमवारी सुरू केली तर जोडी सोमवार-गुरुवारची, शुक्रवारी सुरू केली तर शुक्रवार-सोमवारची.

गोंधळ होतो तो पुढच्या पाळीला. पाळी आली रविवारी, की बाई रविवारपासून नव्याने मोजायला लागते. नाही! पाळीचा संबंध पहिल्या गोळीपुरताच. त्यानंतर पाळी मागेपुढे होवो, चार दिवस राहो की सहा, बुधवार तो बुधवारच. दोन पाकिटांच्या मध्ये सुट्टीही नसते. एका पाकिटात ८ गोळ्या असतात; सातवी घेतली की पुढचं पाकीट मागून ठेवा.

कालनिर्णयवर ३ महिन्यांचे सगळे वार पहिल्याच दिवशी पेनाने गोल करून टाका आणि गोळी घेतली की त्या गोलावर फुली मारा. "लक्षात राहील" म्हणू नका, राहत नाही. पान स्वयंपाकघरात टांगलेलं असेल आणि सासूला कळू द्यायचं नसेल, तर मोबाइलमध्ये गजर लावा. उपवासाच्या वारीही गोळी घ्यायचीच. सोमवारचा उपवास मोडेल म्हणून मंगळवारी घेणाऱ्या मी पाहिल्या आहेत. पाण्याच्या घोटाबरोबर गिळलेल्या गोळीने उपवास मोडतो असं मला तरी कुणी पटवू शकलेलं नाही.

आणि नवरा ट्रकवर गेलाय, कारखान्यावर गेलाय, मग आता कशाला, असं म्हणून मध्येच थांबू नका. हे औषध शरीरातून फार सावकाश उतरतं, म्हणून तर आठवड्याला एक पुरते. पण ते शरीरात पुरेसं साठावं म्हणूनच सुरुवातीला आठवड्यात दोन असतात. तो आल्यावर एक गोळी घेऊन काही होत नाही.

गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या. सात दिवसांच्या आत आठवली, तर पुढच्या गोळ्या ठरलेल्या वारीच चालू ठेवा, पण पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांपेक्षा जास्त झाले, तर मागचा हिशेब संपला: नव्याने सुरुवात करायची, आठवड्यात दोन, पुन्हा ३ महिने. "दोन एकदम घे, भरून निघेल" हा सल्ला देणारीला माझ्याकडे पाठवा.

पाळी लांबते, कधी कमी जाते. सुरुवातीच्या महिन्यांत हे होतं आणि बहुतेकींचं नंतर बसतं. रक्त आत साचत नाही, पिशवीही खराब होत नाही. मात्र तारखेवर १५ दिवस उलटले तर अंदाज बांधत बसू नका. आशाताईंकडे दिवस राहिलेत का ते बघायचं निश्चय किट असतं, लघवीची तपासणी करून घ्या.

गुप्तरोगांपासून ही गोळी वाचवत नाही. ती शंका असेल तर निरोध लागतोच. मूल हवं असेल तेव्हा गोळी बंद करा. दिवस राहण्याची क्षमता परत येते, त्यासाठी वेगळं औषध घ्यावं लागत नाही.