स्पॅनिश क्रियापदं: आघाताच्या या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना लाल पेन सगळ्यात जास्त झिजतं ते एकाच चुकीवर: तिल्दे गाळणं. तिल्दे म्हणजे स्वरावरची छोटी तिरकी रेघ; उच्चारताना आघात, म्हणजे जोर, कुठे द्यायचा ते ती दाखवते. "कीबोर्डवर मिळत नाही" ही सबब मला मान्य नाही. मोबाइलवर स्वर दाबून धरला की ती समोर येते.

माझी एक विद्यार्थिनी मेक्सिकोतल्या पुरवठादाराशी ईमेलवर बोलायची. जुनी ऑर्डर का थांबली, असं त्याने विचारलं. "ग्राहकाने रद्द केली" हे सांगायला तिने 'कान्सेलो' लिहिलं, शेवटच्या 'ओ'वरची तिल्दे गाळून. आघात 'लो'वर असेल तर 'त्याने रद्द केली', 'से'वर असेल तर 'मी रद्द करते'. स्पॅनिशमध्ये कर्ता सर्रास गाळतात, त्यामुळे त्याला दुसरा काही अर्थ लावायला जागाच नव्हती. त्याने चालू ऑर्डरही रद्द केली.

मुख्य नियम असा: शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर आघात शेवटून दुसऱ्या तुकड्यावर (तुकडा म्हणजे एका दमात म्हटला जाणारा भाग), नाहीतर शेवटच्या. याबाहेर गेलं की तिल्दे. मी प्रत्येक रूप आधी मोठ्याने म्हणते, आघाताचा तुकडा अधोरेखित करते, मगच तिल्दे देते. घाई करणारे थेट तक्ते पाठ करतात आणि पहिल्याच संभाषणात अडखळतात.

दुसरी चूक तुकडे पाडण्याची. 'मी अभ्यास करतो'चं रूप लोक एस-तु-दि-ओ असं चार तुकड्यांत म्हणतात. ते तीनच आहेत: एस-तू-द्यो, आघात 'तू'वर. इथे देवनागरी कामाला येते. दोन स्वर एका दमात येत असतील तर जोडाक्षर लिहा, वेगळे असतील तर स्वर सुटा ठेवा. 'मी बदलतो' म्हणजे काम्-ब्यो, पण 'मी पाठवतो' म्हणजे एन्-बी-ओ, 'बी'वर तिल्दे, कारण दोन स्वर वेगळे म्हणायचे हे तीच दाखवते. मूळ क्रियापदं कितीही सारखी दिसोत, कोणतं कुठल्या गटातलं हे पाठच करावं लागतं. 'कोमीआ'चं (मी जेवायचो) 'कोम्या' करू नका, तिथे तीन तुकडे आहेत.

'आब्लो' (मी बोलतो) आब्-लो नाही, आ-ब्लो असं तुटतं.

'आब्लाबामोस'मध्ये (आम्ही बोलायचो) आघात 'ब्ला'वर, 'बा'वर नाही.

'दामे'ला (मला दे) तिल्दे नाही, 'दामेलो'ला (ते मला दे) आहे, कारण सर्वनाम जोडल्यावर 'दा' शेवटून तिसरा होतो.

'फ्वे' (तो गेला), 'द्यो' (त्याने दिलं), 'ब्यो' (त्याने पाहिलं) ही भूतकाळी रूपं एकाच तुकड्याची. १९५९ पासून त्यांवर तिल्दे नाही, जुन्या पुस्तकांत दिसली तरी उचलू नका.