कर्नल मॉड्यूलचं पॅकेज करताना हेडरच्या या चुका टाळा

नंदुरबारला मिरचीची आवक ऐन भरात असताना एका व्यापाऱ्याकडून फोन आला, "भाऊ, काटा बंद शे." काट्याचं वजन कॉम्प्युटरवर घेणाऱ्या यूएसबी-सिरियल केबलसाठी मी धुळ्याहून एक छोटं कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचा तुकडा) पॅकेज करून पाठवलं होतं. पॅकेज विनातक्रार बसलं, पण मॉड्यूल लोड करताना 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. बाहेर गाड्यांची रांग. डीमेसगमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) कारण लिहिलेलंच होतं: मॉड्यूलचं व्हर्जन मॅजिक, म्हणजे ते कोणत्या कर्नलसाठी बनलंय याची खूण, ६.८ चं, तिथलं कर्नल ६.१ चं.

चूक मेकफाइलच्या, म्हणजे बिल्ड कसं करायचं ते सांगणाऱ्या फाइलच्या, एका ओळीत होती. हेडरचा (मॉड्यूल बनवताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइलींचा) पत्ता तिथे 'युनेम -आर' वरून काढला होता. ही कमांड आत्ता चालू असलेल्या कर्नलचं नाव सांगते. पॅकेज कोणासाठी बनतंय हे तिला ठाऊक नसतं. नंदुरबारच्या मशीनवर डेबियन १२ आहे, म्हणून मी डेबियन १२ च्या कंटेनरमध्ये (लॅपटॉपवरच्या वेगळ्या कप्प्यात) बिल्ड करत होतो, पण कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतं. त्यामुळे उत्तर आलं माझ्या लॅपटॉपवरच्या उबुंटू २४.०४ चं. बिल्ड आधी 'फोल्डर सापडत नाही' म्हणून थांबलं होतं. तिथेच विचार करायला हवा होता. मी मात्र लॅपटॉपचे हेडर कंटेनरला जोडून दिले आणि बिल्ड पुढे गेलं. हेडर सापडत नसतील तर ती सूचना समजा, हाताला लागेल ते फोल्डर देऊ नका.

उपाय सोपा आहे. मेकफाइलमध्ये हेडरचा मार्ग बाहेरून देता येईल असा ठेवा, ज्या कर्नलसाठी पॅकेज आहे त्याचंच हेडर पॅकेज कंटेनरमध्ये बसवा आणि त्याचा पूर्ण मार्ग द्या. पाठवण्यापूर्वी 'मॉडइन्फो' या मॉड्यूलची माहिती दाखवणाऱ्या कमांडने व्हर्जन मॅजिक बघा, तिकडच्या मशीनवरच्या 'युनेम -आर' शी ताडून घ्या. मिनिटभराचं काम आहे, पण समोरच्याचा अख्खा दिवस वाचतो.

'लिनक्स-लिबसी-डेव्ह' बसवलं की हेडर आले, असं पुष्कळांना वाटतं. ते साध्या प्रोग्रामसाठीचे हेडर. मॉड्यूलला चालत नाहीत.

कर्नलचा नुसता सोर्स उतरवून 'मॉड्यूल्स_प्रिपेअर' चालवलं तर 'मॉड्यूल.सिमव्हर्स' तयार होत नाही, आणि सिम्बॉलच्या (कर्नलमधल्या फंक्शन वगैरेंच्या नावांच्या) आवृत्त्या जुळवायला तीच फाइल लागते. वितरणाच्या हेडर पॅकेजात ती असते, तेच वापरा.

लोड होत नाही म्हणून मॉडप्रोबला (मॉड्यूल लोड करणाऱ्या कमांडला) 'फोर्स' लावू नका. कर्नलच्या आतली रचना बदललेली असली तर मशीन जागीच अडकू शकतं, आणि नंदुरबारचं मशीन उठवायला धुळ्याहून गाडी काढावी लागते.

आता मी तयार मॉड्यूल पाठवत नाही, डीकेएमएस वापरतो; ते समोरच्या मशीनवरच तिथल्या कर्नलसाठी मॉड्यूल बिल्ड करतं. त्यातही 'युनेम' नको: डीकेएमएस ज्या कर्नलसाठी बिल्ड करतं त्याची आवृत्ती 'कर्नलव्हर' मध्ये देतं, ती घ्या. आणि सोबत 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे मेटापॅकेज (दुसरी पॅकेजं ओढून आणणारं पॅकेज) बसवून ठेवा, म्हणजे कर्नल अपडेट झालं की त्याचे हेडरही मागोमाग येतात.