ब्रह्माच्या पायावरची पिसे पुढच्या पिढीत कशी उतरतात आणि ती कशी तपासायची

मुरबाड-शहापूरकडे गावठी कोंबड्यांवर ब्रह्मा (पायावर पिसे असणारी कोंबड्यांची जात) कोंबडा सोडला की पिल्लांच्या पायावर पिसे येतात, पण बापापेक्षा विरळ: नळीच्या (बोटांच्या वरच्या पायाच्या भागाच्या) बाहेरच्या कडेला आणि बाहेरच्या बोटावर. म्हणून कोंबडा भेसळीचा आहे असे समजू नका. हा गुण प्रभावी आहे, मात्र आई किंवा बाप अशा एकाच बाजूने आला तर पिसे कमीच भरतात.

पायावर पिसे असणाऱ्या लँगशान जातीत या गुणाचे मुख्यतः एक जनुक असते, कोचीन आणि ब्रह्मा या जातींत दोन. दोन जनुकांच्या संकरातली भावंडे आपसात जोडली तर साधारण 16 पिल्लांत एकच साफ (बिनपिसांच्या) पायाचे निघते. तीच संकरित कोंबडी गावठी कोंबड्याला दिली तर चारात एक. साफ पायाची पिल्ले हवी असतील तर हा दुसरा मार्ग धरा.

कोंबडा पारखायचा तर त्याला साफ पायाच्या कोंबड्या द्या. आधीच्या कोंबड्याचे वीर्य कोंबडीच्या अंगात दोन-तीन आठवडे टिकते, म्हणून तिला आधी तीन आठवडे वेगळी ठेवा. घाई केली तर मोजणी फुकट जाते. अंड्यांवर पेन्सिलीने तारीख घाला, मग रवणीला (कोंबडीखाली उबवायला) बसवा. 21 व्या दिवशी पिल्लू सुकले की उजेडात नळी आणि बोटे बघा. लव तेव्हाच दिसते. एकच जनुक असलेल्या जातीत सात पिल्ले सगळी पिसांची निघाली तर कोंबडा बहुधा शुद्ध, म्हणजे आई-बाप दोघांकडून हे जनुक मिळालेला. ब्रह्माला किमान 16 पिल्ले बघा. तरीही एक फट राहते: एका जनुकाची जोडी पूर्ण आणि दुसऱ्याची अर्धी असेल तर साफ पिल्लू निघतच नाही. म्हणून नुसती संख्या मोजू नका, प्रत्येक पिल्लाच्या पायावर पिसे किती दाट आहेत तेही लिहून ठेवा.

कडकनाथ घेताना हेच ज्ञान उपयोगी पडते. खऱ्या कडकनाथाचे पाय साफ असतात आणि बोटे चार. पायावर पिसे किंवा पाचवे बोट दिसले तर सिल्की या पिसाळ पायाच्या, पाच बोटांच्या जातीची भेसळ धरा. काही विक्रेते पिसे उपटून देतात. उपटलेली पिसे काही आठवड्यांत परत येतात, तेव्हा दोन महिने नजर ठेवून मगच अशा पक्ष्याची पैदास करा.

ठाण्याचा पावसाळा या पायांना फार वाईट. चिखलाने बोटांवरची पिसे मोडतात, आणि मोडलेली पिसे पुढच्या वेळी पिसे झडेपर्यंत परत येत नाहीत. अशा वेळी पारख केली तर चांगला पक्षी हलका ठरतो. जून ते सप्टेंबर खुराड्यात भाताच्या तुसाचा तीन इंच थर ठेवा, भिजलेला लगेच बदला. पिसांखाली खवले उचललेले दिसले तर खवल्यांचा किडा आहे. पाय साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा आणि पेट्रोलियम जेली चोळा. आठवड्यातून एकदा, चार आठवडे. सोबतच्या सगळ्या कोंबड्यांना एकाच दिवशी लावा, नाहीतर किडा परत चढतो.