वैनगंगा-प्राणहितेवरील दीर्घ कॅनूप्रवासाची आखणी

वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलगाड्यांऐवजी नावांतून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांवाटे पूर्व किनाऱ्यावर न्यावा, असा बेत इंग्रज अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकात आखला होता. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि अहेरी तालुक्यातील देवलमरी येथील खडकाळ पट्टे हे त्या मार्गातले तीन मोठे अडथळे होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये ते काम सोडून देण्यात आले. आजही वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या खालून निघून पुढे प्राणहितेवाटे सिरोंच्यापर्यंत जायचे असेल, तर नाव कुठे कुठे पाण्याबाहेर काढावी लागेल हे प्रथम ठरवावे आणि दिवसांचा हिशेब त्यानंतर मांडावा.

त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्यावेत. त्यावर नदीच्या वळणांवरून दोरा फिरवून अंतर मोजावे, कारण रस्त्याच्या अंतरावरून नदीचा अंदाज बांधता येत नाही. एकट्या प्राणहितेची लांबी सुमारे ११३ किलोमीटर आहे. बंधारे, पूल, खडक आणि घाट नकाशावर खुणेने दाखवावेत. जुन्या नकाशांत चिचडोहसारखे नवे बंधारे नसतात, म्हणून उपग्रहचित्रे पाहावीत आणि शक्य तेथे काठावर जाऊन खात्री करून घ्यावी.

नाव उचलून नेण्याचे गणित नवख्यांना हमखास फसवते. सामान दोन फेऱ्यांत न्यायचे असेल, तर एक किलोमीटरच्या वाटेसाठी तीन किलोमीटर चालावे लागते: दोनदा ओझ्यासह आणि एकदा रिकाम्या हातांनी. कॅनडातील फर व्यापाराचे नावाडी अशा वाटांवर प्रत्येकी ९० पौंडांची दोन गाठोडी, म्हणजे ८० किलोंहून अधिक वजन, एकाच वेळी पाठीवर घेत असत. त्यांचे अनुकरण करू नये. एक पिशवी १५ ते २० किलोंच्या आत ठेवावी आणि प्रत्येक वस्तू जलरोधक पिशवीत बांधावी. बंधाऱ्याच्या भिंतीजवळ किंवा दारांजवळ नाव कधीही नेऊ नये; बरेच आधी काठ धरावा.

हंगाम निवडताना घाई करू नये. पावसाळ्यात ही नदी प्रवासाची नाही, आणि उन्हाळ्यात रेती उघडी पडून नाव ओढत न्यावी लागते. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ त्यातल्या त्यात योग्य होय. मात्र गोसीखुर्दमधून सोडलेल्या पाण्यावर खालची पातळी अवलंबून असल्याने निघण्यापूर्वी जलसंपदा विभागाकडे विसर्गाची चौकशी करावी. मुक्काम रेतीच्या सखल बेटावर न करता उंच काठावर करावा, नाव वर ओढून झाडाला बांधावी आणि पाण्याच्या कडेला खुंटी रोवून पातळीवर लक्ष ठेवावे.

साठलेल्या पाण्यात प्रवाहाची मदत मिळत नाही आणि समोरून वारा असला तर गती निम्म्यावर येते. त्यामुळे सुरुवातीला दिवसाला १५ ते २० किलोमीटरांहून अधिक अंतर धरू नये आणि दर पाच-सहा दिवसांनी एक दिवस रिकामा ठेवावा.

माणशी रोज सुमारे ६५० ग्रॅम कोरडा शिधा धरल्यास सहा जणांना आठवड्याला २७ किलो लागतो. तांदूळ, तुरीची डाळ, पीठ, गूळ आणि फुटाणे एवढ्यावर भागते. वडसा, आरमोरी, चामोर्शी आणि अहेरी येथील बाजारांत भर घालता येत असल्याने सारा शिधा पहिल्याच दिवशी नावेत भरण्याचे कारण नाही.

सर्वांत मोलाची माहिती काठावरच्या ढीवर (मासेमार) बांधवांकडे असते. डोह कुठे आहे, खडक कोणत्या अंगाला आहेत, जाळी कुठे लावली आहेत, हे त्यांना नम्रपणे विचारावे आणि शक्य असल्यास त्यांच्यापैकी एखाद्या जाणकाराला योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावे. त्यांच्या जाळ्यांवरून नाव नेणे हा अपराधच समजावा.

ब्रह्मपुरी, वडसा आणि गडचिरोलीच्या जंगलांत वाघांचा वावर आहे. म्हणून मुक्काम गावाजवळ आणि गावकऱ्यांच्या संमतीने करावा व अंधारात एकट्याने पाण्यावर जाऊ नये. चपराळा अभयारण्याच्या हद्दीसाठी वनविभागाची परवानगी लागेल. गडचिरोली पोलिसांना मार्ग, मुक्काम आणि सदस्यांची यादी लेखी द्यावी. प्राणहिता ही तेलंगणाची सीमा असल्याने पलीकडच्या प्रशासनालाही कळवावे. या पट्ट्यात हिवताप आढळतो, त्यामुळे मच्छरदाणी प्रत्येकाकडे असलीच पाहिजे आणि औषधांबाबत डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. जीवरक्षक जॅकेट पोहणाऱ्यानेही अंगातून काढू नये.

सिरोंच्याला रेल्वे नाही, म्हणून परतीसाठी नाव लादता येईल असे वाहन निघण्यापूर्वीच ठरवावे आणि चालकाला एका तारखेऐवजी दोन-तीन दिवसांची मुभा सांगून ठेवावी.