गाईच्या टाचांमागे धावणारा कुत्रा बडोद्यात वाढवताना

बडोद्यात कॉर्गी घ्यायचा म्हटलं की लोक उन्हाचं विचारतात. फिरवायला कधी न्यावं, केस कापावेत का. त्याची उत्तरं पुढे आहेत. पण पहिला प्रश्न रस्त्यावरच्या गाईंचा आहे. कॉर्गी हा वेल्समधला गुरं हाकणारा कुत्रा. वेल्श भाषेत ‘कॉर’ म्हणजे बुटका आणि ‘गी’ म्हणजे कुत्रा. गाईच्या मागच्या पायाला टाचेजवळ तोंड लावायचं आणि तिने लाथ झाडली की ती डोक्यावरून जाऊ द्यायची, हे त्याचं काम, आणि आखूड पाय तिथे कामी येतात. ही सवय रक्तातून गेलेली नाही. दांडिया बाजारच्या गल्लीत गाय उठून चालू लागली किंवा सोसायटीत मुलं सायकली घेऊन सुटली, की तो टाचांकडे झेपावतो. तो चावरा नाही. त्याला त्याचं काम दिसलेलं असतं. घरात दुसरं काम मिळालं नाही, तर तो हेच धरून बसतो.

कोणता कॉर्गी, आणि कागद

पेम्ब्रोक आणि कार्डिगन या दोन वेगळ्या जाती आहेत. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९३४ साली त्या वेगळ्या केल्या, त्याआधी दोघे डॉग शोच्या एकाच रिंगणात उभे राहत. एफसीआय या श्वान-संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पहिल्या गटात, म्हणजे मेंढपाळ आणि गुरं हाकणाऱ्या कुत्र्यांत, कार्डिगनचं मानक ३८ क्रमांकाचं आणि पेम्ब्रोकचं ३९. ओळखायला पाय बघा. पेम्ब्रोकचा पंजा लांबट, कार्डिगनचा गोल. कार्डिगनचे कान मोठे आणि टोकाला गोलसर, शेपूट कोल्ह्यासारखी झुपकेदार. पेम्ब्रोकचं वजन साधारण ९ ते १२ किलो, कार्डिगन त्याहून दणकट. निळसर ठिपक्यांचा, ज्याला मर्ल म्हणतात तो रंग कार्डिगनमध्ये चालतो, पेम्ब्रोकमध्ये नाही. ‘दुर्मिळ मर्ल पेम्ब्रोक’ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल, तर ते पिल्लू घेऊ नका.

पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकणं २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बेकायदा आहे, आणि ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. रिंगणात न्यायचं असेल तर केनेल क्लब ऑफ इंडियाचं नोंदणीपत्र लागतं. चेन्नईला मुख्यालय असलेल्या या संस्थेला बोलताना सगळे केसीआय म्हणतात. कागद हातात घेतला की पिल्लाच्या मानेवर मायक्रोचिपचा स्कॅनर फिरवून घ्या. चिपचा १५ अंकी क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच असला पाहिजे. एक अंक चुकला तरी तो कागद दुसऱ्या कुत्र्याचा आहे असं समजा. मालकी आपल्या नावावर करण्याचा अर्ज लगेच भरा, कारण वर्षाने आधीच्या मालकाची सही मिळवणं फार अवघड जातं.

आईबापांच्या दोन तपासण्या विचारा. एक डीएम, म्हणजे म्हातारपणी मागचे पाय लुळे करणारा मज्जारज्जूचा आजार, ज्याची जनुकीय चाचणी होते. दुसरी कमरेच्या सांध्यांचा एक्स-रे. पेम्ब्रोकमध्ये व्हॉन विलेब्रँड हा रक्त न गोठण्याचा दोषही आढळतो. नसबंदीच्या किंवा कुठल्याही शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांना त्याची आठवण करून द्या.

‘बस’ हा शब्द वापरू नका

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांनी आज्ञापालन-स्पर्धांच्या पंचांना विचारून १९९४ साली जातींची क्रमवारी लावली. त्यात पेम्ब्रोक ११वा आणि कार्डिगन २६वा. त्या श्रेणीतला कुत्रा नवी आज्ञा साधारण ५ ते १५ वेळांत शिकतो. याची दुसरी बाजू घरात लक्षात येते. भुंकल्यावर दार उघडतं, हेही तो ५ ते १५ वेळांतच शिकतो.

बडोद्याच्या मराठी घरात मोठी अडचण भाषेची. आई म्हणते ‘ये’, शेजारच्या बेन म्हणतात ‘आव’, मुलं म्हणतात ‘कम’. ‘बस’ तर सर्वांत वाईट, कारण तोच शब्द खाली बसायला आणि तोच ‘पुरे’ म्हणायला. दिवसात चाळीस वेळा ‘बस’ ऐकून काहीच घडलं नाही, की तो शब्द पंख्याच्या आवाजासारखा होतो. म्हणून एका कृतीला एकच शब्द ठरवा, तो कागदावर लिहून फ्रिजला लावा आणि कामाच्या बाईंपासून आजोबांपर्यंत सगळ्यांनी तोच म्हणायचा. बसायला ‘सिट’, बोलवायला ‘ये’, सोडायला ‘सोड’, जागेवर जायला ‘चटई’. शाबासकीचा इशाराही एकच, छोटा ‘हां!’. कृती घडली त्या क्षणी ‘हां!’, आणि त्यानंतर दोन सेकंदांत खाऊ. उशीर झाला, तर बक्षीस पुढच्या कृतीला जातं, आणि ती बहुधा उडी मारणं असते.

शिकवणी दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. मिनिटाला आठ-दहा वेळा बक्षीस मिळेल इतकं सोपं ठेवा. दहापैकी आठदा जमलं की एक पायरी चढायची, पाचदाच जमलं तर एक उतरायची. रोज तासभर फिरवूनही कॉर्गी घरात धुमाकूळ घालतो, ही तक्रार जवळजवळ नेहमी डोक्याचं काम कमी पडल्याची असते. त्याचं अर्धं जेवण वाटीत देऊ नका. जुन्या सुती टॉवेलमध्ये गुंडाळून द्या, खोलीत दहा ठिकाणी लपवा, खेळण्यांची नावं शिकवून एकेक आणायला लावा. पंधरा मिनिटं नाकाने शोधलं की तो स्वतःहून झोपतो.

टाचा आणि गाई

घरात पिल्लू टाचेला आलं की पाय झटकू नका, ओरडत पळूही नका. हलणारा पाय आणि वरचा आवाज म्हणजे त्याच्या दृष्टीने पळणारी गाय, आणि पाठलाग हेच त्याचं बक्षीस. जागच्या जागी थांबा. तीन सेकंद दात लागले नाहीत की ‘हां!’ म्हणून दोरीचं खेळणं जमिनीलगत ओढा आणि ते पकडू द्या. घरात मुलं असतील तर पहिले दोन महिने पिल्लाच्या हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, दीड मीटरची हलकी दोरी लावून ती जमिनीवर घसरू द्या. पळापळ सुरू झाली की दोरीवर पाय ठेवायचा, पिल्लाला हाताने पकडायचं नाही. लक्ष असेल तेव्हाच दोरी, एकटं सोडताना काढायची.

रस्त्यावरच्या गाईसाठी क्रम असा:

१. बसलेली गाय निवडा, चालती नको. वीस मीटरवर उभे राहा.
२. त्याने गाईकडे पाहिलं की लगेच ‘हां!’ आणि खाऊ. तुमच्याकडे वळण्याची वाट पाहू नका. असं दहा वेळा.
३. पुढे पाहिल्यावर तो स्वतःच मान वळवून खाऊ मागतो. तसं झालं की दोन मीटर जवळ जा.
४. प्रत्येक टप्प्याला दोन-तीन दिवस द्या. पाच मीटरच्या आत जायचं नाही. तिथून वळून निघायचं.

त्याने खाऊ नाकारला, कान पुढे रोखले, अंग खाली दाबलं, म्हणजे अंतर कमी पडलं. तेव्हा शब्द वाया घालवू नका, वळा आणि पाच मीटर मागे या. इथे लोक गळपट्टा हिसकतात, आणि हीच सर्वांत महाग चूक ठरते. गाय दिसली की मान दुखते एवढंच तो शिकतो, आणि महिन्याभरात गाय दिसताच भुंकून अंगावर जातो. आपल्या गाई वेल्समधल्यासारख्या कुत्र्याला सरावलेल्या नाहीत. वासरू जवळ असेल तर त्या शिंगं खाली घालून येतात. म्हणून कितीही शिकलेला असला तरी रस्त्यावर पट्टा सोडायचा नाही.

दाराच्या घंटीचं शिक्षण याच धर्तीवर. आधी चटईवर जाणं पक्कं करा. मग घंटीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवा आणि चटईवर खाऊ टाका. आवाज रोज थोडा वाढवा. खरी घंटी शेवटी.

पाठ, पोट आणि झोपाळा

कॉर्गीची पाठ लांब आणि पाय आखूड, त्यामुळे मणक्यांतली चकती सरकण्याचा धोका जन्मभर राहतो. तो वाढवणाऱ्या गोष्टी दोन, उड्या आणि चरबी. इथल्या घरांत झोपाळा असतो आणि कॉर्गीला तो आवडतो. हलत्या झोपाळ्यावरून मारलेली उडी पाठीला सर्वांत वाईट. पहिल्या दिवसापासून झोपाळा बंद. सोफ्याला उतार करून द्या, त्यावर रबरी चटई. वाड्यांतले लाकडी, उभे जिने वर्षभराचा होईपर्यंत उचलूनच चढवा-उतरवा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी सरळ. काखेत धरून लोंबकळवणं कधीही नाही. मागचे पाय अडखळू लागले, पाठ कमानीसारखी वर आली, हात लावताच कण्हला, तर त्याला पिंजऱ्यात किंवा छोट्या जागेत थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका.

नसबंदी झालेल्या ११ किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी पुरतात. १०० ग्रॅमला ३५० कॅलरी असलेलं कोरडं अन्न धरलं तर सुमारे १७० ग्रॅम, आणि यातच खाऊ धरायचा. खाऊ दहा टक्के, म्हणजे साधारण ६० कॅलरी. शाकाहारी घरात पनीर वापरतात आणि हिशोब तिथेच बिघडतो, कारण २० ग्रॅम पनीरमध्ये तो कोटा संपतो. त्या २० ग्रॅमचे हरभऱ्याएवढे चाळीस तुकडे करा. कुत्रा तुकडे मोजतो, वजन नाही. वाटीने न मापता काट्यावर तोला. बरगड्या हलक्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून पाहताना कंबर दिसली पाहिजे.

शेव-उसळीतला कांदा-लसूण आणि लिलो चेवड्यातल्या मनुका, दोन्ही विषारी. मनुका थोड्याही मूत्रपिंडं निकामी करू शकतात, म्हणून खाल्ल्याचं कळताच लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

ऊन, पाऊस, उत्तरायण

केस मुंडवू नका. दुहेरी कोट, म्हणजे वरचे राठ आणि आतले मऊ केस, उन्हालाही अडवतो, आणि मुंडल्यावर तो कधीकधी नीट परत येत नाही. मोकळे झालेले आतले केस काढणं हा उपाय. आठवड्यातून दोनदा अंडरकोट रेक, म्हणजे आतले केस ओढून काढणारी फणी, गळतीच्या दिवसांत रोज. एप्रिल-मे-जूनमध्ये फेरी सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर. या कुत्र्याचं पोट डांबरापासून दहा-बारा सेंटिमीटरवर असतं, रस्त्याची धग सरळ अंगाला लागते. हाताची पाठ रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर परत फिरा. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, तोल जाऊ लागला, तर पोट, जांघा आणि पंजे नळाच्या पाण्याने भिजवून पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, उष्णता आत अडकते.

पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठाने फिरवणं पूर्ण टाळा. नदीत मगरी आहेत, आणि पूर ओसरताना त्या वस्तीतही येतात. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून त्याची लस जूनच्या आधी झालेली हवी. घरी आल्यावर पोट आणि बोटांमधल्या फटी कोरड्या करा. गोचिडांसाठी कानांच्या आत, काखेत आणि बोटांमध्ये रोज हात फिरवा. ताप, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त यातलं काही दिसलं तर लगेच रक्ततपासणी.

उत्तरायणात गच्चीवर नेऊ नका, मांजा पायाला कापतो आणि गिळला तर आतडं गुंडाळतो. नवरात्रात फेरी संध्याकाळी लवकर उरका. गरब्याचा ढोल सुरू झाल्यावर खिडक्या बंद, पंखा मोठा आणि चघळायला काहीतरी.

रिंगणाची तयारी

वर शिकवलेलं सगळं रिंगणात कामी येतं. पंच मानकाशी तुलना करतात, गोंडसपणाशी नाही. पेम्ब्रोकमध्ये तोंड आणि कवटी यांचं प्रमाण ३:५, वरचे दात खालच्यांना कात्रीसारखे घासून, कान ताठ, नराचे दोन्ही अंडकोष उतरलेले. लांब केसांचा ‘फ्लफी’ घरात लाडका असला तरी रिंगणात तो दोष आहे. अशा पिल्लावर शोसाठी पैसे घालू नका.

कॉर्गीची तपासणी टेबलावर होते. सुरुवात जेवायच्या पाटावर करा. चारही पाय पाटावर, पाच सेकंद स्थिर, ‘हां!’. तीस सेकंद जमले की पाट बाकावर, मग रबरी चटई घातलेल्या टेबलावर. त्यानंतर रोज एक अनोळखी माणूस आणा. तो आधी हाताची पाठ हुंगवेल, मग दोन सेकंद ओठ उचलेल, मग छाती, पाठ, मागचे पाय चाचपेल. प्रत्येक स्पर्शाला एक तुकडा. पुढचे पाय खांद्याखाली सरळ उभे हवेत. हाताने पाय मांडत बसण्यापेक्षा खाऊ नाकासमोर किंचित वर धरून त्याला स्वतः उभं राहू द्या, अंग मोकळं दिसतं.

चाल दुडकी हवी. फार जोरात नेलं की तो उधळतो, फार हळू नेलं की एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. तुमचा वेग झपझप चालण्याचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने त्रिकोण आखा, मोबाईलवर बाजूने चित्रीकरण करा आणि त्याची दुडकी ज्या वेगाला सर्वांत लांब पडते तो वेग पायात बसवा. फेरीत कुत्रा नेहमी तुमच्या डाव्या हाताला. शो हिवाळ्यात असला तरी मैदानात दुपारी सावली मिळत नाही, म्हणून पिंजरा, ओला टॉवेल खाली अंथरायला, आणि घरचंच पाणी न्या.

तपासणी झाल्यावर पंच पुढे सरकले की घाईत बरेच जण कुत्र्याला टेबलावरून उडी मारू देतात. तिथेही एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, आणि चारही पाय जमिनीला लागल्यावरच हात सोडायचे.